टेटू, कुंभीचं खोरं: प्रकल्पाच्या नोंदी

18 फेब्रुवारी 2024

साळवण गाव मागं पडलं की कुंभी नदीच्या दोन्ही अंगांचा ऊस आक्रसत जातो आणि डोंगर रस्त्याला येऊन टेकतात. टेटूची झाडं वाचवायच्या या प्रकल्पाचं आमचं क्षेत्र इथून पुढचं, कुंभीच्या वरच्या खोऱ्यातलं. गावाचं नाव या वहीत लिहायचं नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरलं. ज्या झाडाच्या मुळाला गिऱ्हाईक आहे त्याचा पत्ता लिहून ठेवणं म्हणजे कुदळवाल्याला आवतण देणं.

झाड टेटूचं. वैद्य ज्याला श्योनाक म्हणतात तेच. शास्त्रीय नाव ओरोझायलम इंडिकम. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं 1753 मध्ये ते बिग्नोनिया वंशात घातलं, पुढं ते वेगळं काढलं गेलं आणि आता त्याच्या वंशात ते एकटंच आहे. भारताच्या बऱ्याच भागांत आणि पुढं आग्नेय आशियापर्यंत ते आढळतं, त्यामुळं नकाशा बघून काळजी वाटत नाही. काळजी डोंगरात पाय ठेवल्यावर सुरू होते. एका ओहोळाला एक झाड, पुढचे दोन ओहोळ रिकामे, मग कुणाच्या तरी बांधावर एक.

राहण्याच्या जागेविषयी थोडं. आपला कोल्हापूर जिल्हा पावसाच्या बाबतीत विचित्र आहे. शिरोळकडं वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर, शहरात हजाराच्या आसपास, आणि शहरापासून 55 किलोमीटरवरच्या गगनबावड्यात पाच हजारांच्या वर. घाटमाथ्याला सदाहरित रान, पूर्वेला खुरटी झुडपं, आणि मधल्या पट्ट्यात पानगळीचं रान: ऐन, किंजळ, नाना, हिरडा, सावर, शिवण. टेटू या मधल्या पट्ट्यातला. त्यातही त्याला ओहोळाची ओल लागते आणि डोक्यावर ऊन लागतं. गच्च सावलीत तो वाढत नाही, उघड्या खडकाळ सड्यावर टिकत नाही. म्हणजे त्याला मिळणारी जागा मुळातच चिंचोळी.

आज बहुतेक झाडं निष्पर्ण होती. मोठी झाडं दिसली, मनगटाएवढं पोरगेलं झाड मात्र शोधूनही क्वचित. हे चांगलं लक्षण नाही.

3 मार्च 2024

शेंगा काढल्या. टेटूची शेंग लांबून ओळखू येते. चपटी, तलवारीच्या घाटाची, हातभर ते दोन हात लांब, आणि पानं गळून गेल्यावर नुसत्या फांद्यांवरून लोंबत असते. वाळली की शिवणीवर उकलते. आत बिया पत्त्यांच्या कॅटसारख्या एकावर एक रचलेल्या. बी स्वतः चपटं आणि लहान, पण तीन बाजूंनी पारदर्शक कागदी पंख, पंख धरून सहा-सात सेंटिमीटर रुंद. हातातून सोडलं तर खाली पडतच नाही, तिरकं तिरकं तरंगत जातं. आमच्यातल्या एकानं पिशवीचं तोंड उघडं ठेवलं आणि वाऱ्यानं अर्धी पिशवी डोंगराला वाटून टाकली. मामा हसले, "बरं झालं. तुमच्यापरीस वारा चांगला पेरतोय."

मामा म्हणजे आमचे वाटाडे. वनखात्याकडं रोजंदारीवर वय गेलं त्यांचं. झाडावर कुणालाही चढू देत नाहीत, कारण टेटूचं लाकूड मऊ आणि फांद्या ठिसूळ. बांबूला आकडी बांधून शेंगा ओढायच्या, त्याही निम्म्याच. "सगळ्या काढू नगा, डोंगरालाबी बी लागतंय."

झाडाखाली पानांचे लांबलचक देठ ढिगानं पडलेले होते. टेटूचं एक पान मीटर-दीड मीटरचं असतं. आधी पर्णिका गळतात, मग देठ सांधे सुटून तुकड्यातुकड्यांनी खाली येतात. झाडाची उंची, बुंध्याचा घेर यांच्यापेक्षा या ढिगावरून झाड पटकन सापडतं. आमच्या गटातल्या पोरांना आता सवय झाली आहे.

24 मार्च 2024, होळी

आज मुद्दाम आलो, कारण समोरच्या उतारावर काल रात्री वणवा लागला होता. खालून वर सरकत गेलेली काळी पट्टी कुंभीच्या पलीकडूनही दिसते. ओहोळाजवळच्या एका टेटूपाशी गेलो. मोठं झाड तसं तगलं आहे. बुंधा काळा पडला तरी जाड साल आतून ओली आहे. पण त्याच्या खाली राख, आणि राखेत उकललेल्या शेंगांची कोळसा झालेली टरफलं. बी एकही नाही. कागदी पंखाचं बी वणव्यात किती वेळ टिकणार?

बराच वेळ तिथंच बसून बोललो. टेटूच्या शेंगा उकलतात त्या पानगळीनंतर, कोरड्या वाऱ्याच्या दिवसांत. झाडाच्या दृष्टीनं हिशोब चोख आहे: अडवायला पानं नाहीत, वारा आहे, बी लांब जाईल, दोन-तीन महिन्यांत पाऊस येईल आणि ते रुजेल. पण नेमक्या याच दिवसांत आपण डोंगर जाळतो. शेंग उकलण्याचा महिना आणि वणव्याचा महिना एकच. जे बी ओहोळाच्या ओलीत पडतं ते वाचतं, उतारावर पडलेलं जळतं. पोरगेली झाडं का दिसत नाहीत याचं माझं उत्तर आता हे आहे. मुळं खणणारे मोठी झाडं मारतात, वणवा लहान होऊच देत नाही. दोन्ही बाजूंनी कात्री.

वणवा लावतं कोण, यावर गावात एक उत्तर मिळत नाही. "जाळलं की गवात चांगलं येतंय" हे सगळ्यात जास्त ऐकू येतं. जळल्यावर हिरवे कोंब लवकर दिसतात हे खरं, म्हणून समजूत टिकून आहे. पण या उतारावर पहिल्याच पावसात राख आणि वरची माती दोन्ही कुंभीत जातात. काही ठिकाणी तरव्यासाठी, म्हणजे भाताच्या रोपांसाठी, पालापाचोळा जाळून भाजावळ करताना आग हाताबाहेर जाते. सशामागं लागलेले असतात, रस्त्यावरून विडी फेकणारे असतात. मामांचं म्हणणं, "लावणारा एक आसतोय, इझवायला गाव लागतंय. आन् गाव तवा शिमग्यात आसतंय."

14 एप्रिल 2024

शहरातल्या काष्ठौषधींच्या दुकानांत फिरलो. टेटूचं मूळ जातं दशमुळांत. बेल, टेटू, शिवण, पाडळ आणि ऐरण ही बृहत्पंचमुळं, पाचही झाडं. बाकीची पाच म्हणजे लघुपंचमुळं, ती रिंगणी, डोरली, गोखरू अशी लहान झुडपं आणि वेलवर्गी. दशमुळारिष्ट, दशमुळाचा काढा, च्यवनप्राश या सगळ्यांत श्योनाक आहे. ग्रंथांत मुळाची साल सांगितली आहे आणि मूळ काढायचं तर झाड उपटायचं. गोखरू दरसाल उगवतं, ते उपटलं तर चालून जातं. ज्या झाडाला बी धरायलाच काही वर्षं लागतात, त्याला हाच न्याय लावणं आतबट्ट्याचं.

दुकानात 'टेटू साल' म्हणून पुढं ठेवलेला माल बघून पोरं गोंधळली. आमच्याबरोबर ओळखीचे एक वैद्य होते. त्यांनी तुकडा जिभेवर ठेवला आणि तोंड वाकडं केलं. "हा महारुख आहे." महारुख हे वेगळंच झाड, त्याची साल जहर कडू, टेटूची तशी नसते. श्योनाक आणि अरलू (हे नाव महारुखालाही लावतात) या नावांचा घोळ जुना आहे, त्यामुळं टेटूच्या जागी महारुख खपणं नवं नाही. पण खरा माल कमी झाला की घोळ सोयीचा होतो. मला यात एक वेडंवाकडं समाधानही वाटलं: विकला गेलेला प्रत्येक महारुख म्हणजे न खणलेला एक टेटू. वैद्यांना हे पटलं नाही. औषध घेणाऱ्याचं काय, असं त्यांनी विचारलं, आणि त्यांचं बरोबर आहे.

मुळाऐवजी खोडाची साल चालेल का, कोवळ्या रोपांची मुळं चालतील का, यावर अभ्यास झालेले आहेत. शेतात टेटू लावून तीन-चार वर्षांनी मूळ काढणं हा त्यातला व्यवहारी मार्ग. बांधावर उसाला सावली पडेल म्हणून आमच्याकडं कुणी तयार होईना.

5 मे 2024

पेरणी केली. परवा मतदान, त्यामुळं गावात बाकी कुणाला आमच्याकडं बघायला वेळ नव्हता, आणि काम शांतपणे झालं.

पिशवीत दोन भाग लाल माती, एक भाग शेणखत, एक भाग वाळू. बी आडवं ठेवून वर बोटाच्या पेराच्या निम्म्यानं माती. पंख काढायचा की ठेवायचा यावर वाद झाला, शेवटी दोन्ही प्रकार वेगवेगळ्या ओळींत लावले. टेटूचं बी वर्षभर डब्यात ठेवून चालत नाही, उगवण झपाट्यानं उतरते, म्हणून जेवढं आणलं तेवढं सगळं पेरलं. रोपवाटिका गावातल्या आक्कांच्या परड्यात, पाण्याच्या टाकीमागं. कोंबड्यांसाठी भोवती जुन्या साड्यांचं कुंपण. आक्कांनी अट घातली: रोपं वाढवीन, पण फोटोला उभी राहणार नाही.

19 मे 2024

उगवण चांगली. पंखवाल्या आणि बिनपंखाच्या ओळींत डोळ्याला फरक दिसत नाही, तेव्हा पंख काढण्याचं काम पुढच्या वर्षी बंद. बीजपत्रं मध्ये खाच असलेली, दोन पाकळ्यांची वाटावीत अशी. एका ओळीत गोगलगाय लागली आहे. रात्री बॅटरी घेऊन वेचणं हाच उपाय.

15 जून 2024

रात्रीची नोंद. पावसानं दोन दिवस उघडीप दिली म्हणून जमलं.

टेटूचा फुलोरा पानांच्या वर सरळ उभा राहतो, कधी मीटरभर उंच. कळ्या खालून वर क्रमानं तयार होतात आणि एका फुलोऱ्यावर रात्री एक-दोनच उमलतात. फूल मांसल, बाहेरून जांभळट लाल, आतून फिकं, कडा चुरगळलेल्या. वास वाईट. एका पोरीनं लिहिलं आहे, "ओल्या कातड्याचा." मला ते योग्य वाटतं. फूल सुवासिक असावं ही आपली अपेक्षा, इथं पाहुणा वेगळा आहे. अंधार पडल्यावर तासाभरात वटवाघळं यायला लागली. क्षणभर फुलाला लटकायचं, तोंड खुपसायचं, निघून जायचं. फुलाचा भार पेलणारा देठ जाड का असतो ते तेव्हा कळलं. फुलोरा पानांच्या वर असल्यामुळं त्यांना पंख अडकत नाहीत.

पहाटे फुलं गळून खाली पडली. उचलून पाहिली तर पाकळ्यांवर नखांचे ओरखडे. कोणत्या फुलाला वटवाघूळ येऊन गेलं याचा हा सोपा पुरावा, पुढच्या वर्षी रात्रभर जागायला नको, सकाळी जाऊन पडलेली फुलं तपासली तरी चालेल. वटवाघळाची जात ओळखायला मात्र जाणकार हवा.

आक्का म्हणाल्या, कोवळ्या शेंगांची भाजी करतात, फुलांचीही. उकडून पाणी टाकून द्यायचं. पूर्वी व्हायची, आता पोरं खात नाहीत. या एका बाबतीत पोरांचं कौतुक.

26 जुलै 2024

जाता आलं नाही. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोका पातळी ओलांडून वर आहे, गगनबावडा रस्ता पाण्याखाली. आक्कांशी फोनवर बोललो. परड्यात पाणी तुंबलं, काही रोपं बुडाशी कुजून आडवी झाली. त्यांनी उरलेल्या पिशव्या उचलून गोठ्याच्या पत्र्याखाली ठेवल्या आहेत. टेटूला ओल हवी, तुंबलेलं पाणी नको.

18 ऑगस्ट 2024

लागवड. जागा निवडताना कडक राहिलो: ओहोळापासून वर, पण पुराच्या रेषेच्या बाहेर, ऐन-किंजळीची विरळ सावली असलेल्या कडेला. रस्त्याकडेची मोकळी जागा बघून एका पुढाऱ्यानं "इथं लावा की, सगळ्यांना दिसतील" असं सुचवलं. नम्रपणे नाही म्हणालो. दिसण्यासाठी लावलेली झाडं कुठं जातात ते जिल्ह्यातल्या कुठल्याही रस्त्याला बघावं.

एवढं करूनही मला या कामाबद्दल उत्साह कमी आहे, हे इथं लिहून ठेवतो. खड्डा खणून रोप लावणं हे प्रकल्पातलं सगळ्यात सोपं काम. रोपं लावून झाली की झाड वाचलं, असं वाटायला लागतं. आपण लावलेल्या रोपांपेक्षा एका जुन्या झाडाच्या एका हंगामाच्या शेंगांत जास्त बिया असतात. उतार तीन-चार वर्षं जळला नाही आणि जुनी झाडं उभी राहिली, तर आमच्या पिशव्यांची गरजच पडणार नाही.

17 नोव्हेंबर 2024

दोन वाईट गोष्टी.

पहिली: बांधावरच्या एकट्या झाडाला या वर्षीही शेंगा नाहीत. जूनमध्ये फुलोरे भरगच्च होते, खाली ओरखडे असलेली फुलंही सापडली होती. ओहोळाला जिथं दोन झाडं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत तिथं शेंगा लागल्या आहेत. माझा अंदाज असा की या झाडाला दुसऱ्या झाडाचा पराग लागतो, आणि वटवाघळाच्या एका रात्रीच्या फेरीत दुसरा टेटूच येत नाही. तसं असेल तर बांधावरचं झाड मोजणीत जिवंत आणि वंशाच्या हिशोबात संपलेलं. त्याच्या जवळ पुढच्या पावसात रोपं लावायची. मालकांनी होकार दिला आहे, उसापासून लांब ठेवायच्या अटीवर.

दुसरी: ओहोळाकाठचं एक झाड गेलं. भोवती कमरेएवढा खड्डा, मुळं कापून नेलेली, झाड आडवं, वर हिरव्या शेंगा तशाच. कुणी केलं ते गावात माहीत असावं, पण नाव घेत नाही कुणी. मजुरी करणारा एखादा असेल. त्याला पोत्यामागं मिळालेले पैसे आणि पुढं काढ्याच्या बाटलीवरची किंमत यांचा मेळ घालायला गेलं तर त्याच्यावर रागावणं अवघड जातं.

कायद्याचं विचाराल तर 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत हिरडा आहे, ऐन आहे, किंजळ आहे, जांभूळ आहे. टेटू नाही. खासगी मालकीच्या जमिनीवरचा ऐन तोडायला परवानगी काढावी लागते, टेटू उपटला तर विचारायला कुणी येत नाही. लाकडाला किंमत नाही म्हणून यादीत नाही. मुळाला किंमत आहे हे यादी करणाऱ्यांच्या गावीही नसावं.

खड्ड्यात उरलेली मुळांची टोकं मामांनी मातीनं झाकायला लावली. "ह्येचं मूळ ऱ्हायलं तर फुटतंय." टेटूला मुळांपासून फुटवे येतात हे खरं आहे. झाकून आलो.

26 जानेवारी 2025

ग्रामसभेत विषय घेतला. जैवविविधता कायदा 2002 चा, त्याप्रमाणं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. इथंही आहे, कपाटात. काढून बघितली तर टेटूची ओळ होती, पुढं 'उपयोग: औषधी' एवढंच. आता तिथं वाढ केली: कुठल्या महिन्यात फूल, कुठल्या महिन्यात बी, आणि मूळ काढायला समितीची परवानगी. झाडांच्या जागा नोंदवहीत लिहिल्या नाहीत, मामांच्या आणि आणखी दोघांच्या डोक्यात ठेवल्या.

जाळरेषेवर, म्हणजे वणवा अडवायच्या पट्ट्यावर, मात्र घासाघीस झाली. तीन टेटू असलेल्या उताराच्या खालच्या अंगाला, पायवाटेला धरून, गवत कापून मोकळा पट्टा ठेवायचा. कापलेलं गवत ज्यानं कापलं त्यानं न्यायचं, एवढं ठरल्यावर चार घरं लगेच तयार झाली. एका म्हाताऱ्यांनी विचारलं, "आन् जाळायचंच न्हाई म्हंता? मग गवात कसं येणार?" त्यांच्यासाठी उताराचा एक तुकडा जाळलेला आणि शेजारचा न जाळलेला ठेवून, दिवाळीला दोन्हीकडचं गवत कापून वजन करायचं ठरवलं. वाद घालण्यापेक्षा काटा बरा.

16 मार्च 2025

होळी झाली. पलीकडचा डोंगर जळाला. आमच्या बाजूला आग पायवाटेपर्यंत आली आणि पट्ट्यावर अडली. एका टोकाला, जिथं कापायचं राहिलं होतं, तिथून आत शिरली, पण पोरांनी आणि गवत नेणाऱ्या घरांतल्या माणसांनी ओल्या फांद्यांनी झोडपून विझवली. वनरक्षकही मोटारसायकलवरून आले, त्यांच्याकडं पानं उडवायचा ब्लोअर होता. त्याचा या कामाला फार उपयोग होतो. पुढच्या वर्षी आधीच मागून ठेवायचा.

शेंगा उकलायला लागल्या आहेत. या वर्षी एकही काढलेली नाही.

खणलेल्या झाडाच्या खड्ड्याशेजारी मुळांतून दोन फुटवे आले आहेत. शेळ्यांनी एकाचा शेंडा खाल्ला. काटेरी फांद्या लावून घेतल्या.

20 एप्रिल 2025

गेल्या ऑगस्टच्या लागवडीची पाहणी. ओहोळाच्या कडेची रोपं बहुतेक जिवंत, वर उतारावर सरकवलेली बहुतेक वाळलेली. यंदा वर लावायची नाहीत.

पावसाआधी करायची कामं: बांधावरच्या एकट्या झाडाजवळ खड्डे काढणं, त्यासाठी वेगळ्या झाडांच्या बियांची रोपं (एकाच झाडाची चालणार नाहीत, नाहीतर तोच प्रश्न). आक्कांच्या परड्यात पिशव्यांखाली विटांचा थर. गवताच्या दोन तुकड्यांच्या हद्दीवर दगड रंगवून ठेवणं. जाळरेषा यंदा डिसेंबरातच कापायला घ्यायची, गवत पूर्ण वाळायच्या आत, म्हणजे जनावरांनाही ते चालतं. कापायचं राहिलेलं टोक कुणाच्या वाट्याला, ते पुढच्या बैठकीत.